गॅरेजातले गाणे आणि वऱ्हाडची खंजेरी

अमरावतीत किंवा अकोल्यात 'गॅरेज' म्हटले की डोळ्यांपुढे येते ती ऑइलने काळी पडलेली जमीन, उघडून ठेवलेले इंजिन, पान्यांचा ढीग आणि 'दोन तासांनी या' असे सांगणारा मिस्त्री. त्यामुळे 'गॅरेज रॉक' नावाचा संगीताचा एक प्रकार आहे असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटण्याचा संभव आहे. पण असा प्रकार आहे. तो साठ वर्षांहून जुना आहे आणि त्याची खासियत अशी, की अधूनमधून तो मेल्याचे जाहीर होते आणि मग जगाच्या कुठल्यातरी गावात तो पुन्हा उठून बसतो. आता याच्याशी आपले काय देणेघेणे, असा प्रश्न रविवारच्या चहाबरोबर कुणी विचारील. देणेघेणे आहे. हा रस्ता पुढे मोझरीवरून आणि अकोटवरून जातो. पण आधी मूळ गोष्ट सांगितली पाहिजे.

अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घराला लागून मोटार ठेवायची एक खोली असते. मोटार बाहेर काढली, की तिथे चार पोरांना उभे राहण्यापुरती जागा होते. घरातली माणसे बैठकीच्या खोलीत असला गोंधळ चालू देत नाहीत, म्हणून पोरे गाडीच्या खोलीत जातात. नावाचा उगम इतका साधा आहे. १९६३ च्या एप्रिलमध्ये पोर्टलंड या शहरातल्या 'किंग्जमेन' नावाच्या अशाच एका पोरांच्या मेळ्याने 'लुई लुई' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे त्यांचे नव्हते. रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायकाने ते लिहून १९५७ मध्ये गायले होते आणि पुढे लग्नाच्या खर्चासाठी त्याचे हक्क साडेसातशे डॉलरला विकून टाकले होते. किंग्जमेनच्या ध्वनिमुद्रणाला जेमतेम पन्नास डॉलरच्या आसपास खर्च आला. मायक्रोफोन उंच टांगलेला, त्यामुळे गायक जॅक इली मान वर करून ओरडत होता. त्याच्या दातांना तारा बसवलेल्या होत्या. शब्द कळत नव्हते. मधल्या गिटारच्या तुकड्यानंतर तो ठरल्यापेक्षा लवकर गायला लागला, चूक लक्षात येताच थांबला आणि ड्रमवाल्याने काठ्या आपटून वेळ मारून नेली. हे सगळे त्या तबकडीवर जसेच्या तसे आहे. पुन्हा गाऊन घ्यायला ना वेळ होता, ना पैसा.

ही तबकडी अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. पुढे गंमत अशी झाली, की शब्द कळत नाहीत म्हणजे ते अश्लीलच असणार, असा पालकांचा समज झाला. तक्रारी गेल्या. एफबीआय या देशाच्या सर्वोच्च तपास यंत्रणेने ही तबकडी वेगवेगळ्या गतींवर फिरवून ऐकली आणि बऱ्याच काळाने निष्कर्ष काढला, की गाणे कोणत्याही गतीवर समजत नाही. मूळ गाण्यात एक खलाशी आपल्या प्रेयसीच्या आठवणीने व्याकूळ झाला आहे, इतकेच आहे.

आपण हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, हद्दपार केले होते. आणि १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांच्या काळात सिनेगीतांवर अशी संक्रांत आली, की अवघा देश रेडिओ सिलोन लावून बसू लागला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करूनच आकाशवाणीला आपला श्रोता परत मिळवावा लागला. त्या सगळ्या वर्षांत वऱ्हाडातल्या भजनी मंडळांची पेटी मात्र रोज संध्याकाळी वाजतच होती. दिल्लीला ती चालत नाही, हे बहुधा तिला कुणी कळवलेच नसावे.

असो. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री बीटल्स प्रथमच अमेरिकन टेलिव्हिजनवर थेट गायले. सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला आणि त्यानंतर गॅरेजांना पूर आला. कॅटलॉग पाहून टपालाने मागवता येणारी स्वस्त गिटार, शाळेच्या बँडमधून आणलेला ड्रम आणि तीन कॉर्ड एवढ्या भांडवलावर गावोगावी मेळे उभे राहिले. बहुतेकांनी एखाद-दुसरी तबकडी काढली, ती गावातल्या रेडिओवर वाजली आणि विषय संपला. कुणी कॉलेजात गेले, कुणी नोकरीला लागले, कुणाला व्हिएतनामच्या लढाईचे बोलावणे आले. मिशिगन राज्यातल्या मेक्सिकन वंशाच्या शेतमजूर कुटुंबांतल्या पोरांचा एक मेळा होता. त्याच्या नावाची सुरुवातच प्रश्नचिन्हाने होत असे. त्यांचे '९६ टिअर्स' हे गाणे १९६६ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेले. वाजवणारे कोण, कुठले, त्यांचा गुरू कोण, हे कुणी विचारले नाही. १९६८ च्या सुमारास ही लाट ओसरली. रॉक संगीत मोठे झाले, गुंतागुंतीचे झाले, महागडे झाले.

हा वारा भारतातही आला होता. १९६५ चा 'गुमनाम' हा चित्रपट आपल्या राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केला होता. त्याच्या सुरुवातीच्या 'जान पहचान हो' या गाण्यात पडद्यावर एक मेळा गिटार-ड्रम वाजवताना दिसतो आणि ड्रमवर त्याचे नावही रंगवलेले आहे : 'टेड लायन्स अँड हिज कब्ज'. हा मुंबईतला खराखुरा मेळा होता. आवाज महंमद रफींचा, संगीत शंकर-जयकिशन यांचे, समोर मुखवटा लावून बेभान नाचणारी लक्ष्मी छाया. आपल्या टॉकीजमध्ये लोकांनी ते पाहिले, शिट्ट्या मारल्या आणि विसरून गेले. २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटाची सुरुवात याच गाण्याने झाली, २०११ मध्ये एका परदेशी बिअरच्या जाहिरातीने ते उचलले आणि ज्यांना हिंदीचा एक शब्द कळत नाही अशी जगभरची पोरे त्यावर नाचू लागली.

पडद्याबाहेरही बरेच काही चालू होते. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवल्या जाणाऱ्या 'सिमला बीट' स्पर्धेत देशभरातले मेळे येत. त्यातल्या निवडक गाण्यांच्या लाँगप्ले तबकड्या १९७० आणि १९७१ या वर्षांच्या नावाने निघाल्या. परदेशी गिटार आणणे हे परवान्यांच्या त्या राज्यात सोन्याच्या तस्करीइतकेच जिकिरीचे होते. म्हणून देशी गिटार, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून जुळवून घेतलेला अँप्लिफायर आणि जुन्या पेटाऱ्यात बसवलेला स्पीकर यांवर भागवावे लागे. त्यातून येणारा फाटका, खरखरीत आवाज हा नाइलाज होता. आज परदेशातले शौकीन नेमक्या त्याच खरखरीसाठी त्या तबकड्या शोधत फिरतात. मुंबईच्या 'अॅटॉमिक फॉरेस्ट' या मेळ्याची सत्तरच्या दशकातली तबकडी २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने पुन्हा काढली. वाजवणारे तोवर आजोबा होण्याच्या वयाला पोचले होते.

मात्र हे सगळे मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगलोर आणि फार तर शिलाँगचे. इंग्रजी शाळा, चर्चमधले पियानो आणि हॉटेलांतले डान्स फ्लोअर जिथे होते तिथलेच. वऱ्हाड त्यात नव्हते. मग वऱ्हाडातल्या अठरा वर्षांच्या पोराने आपली रग कुठे काढली?

हा प्रश्न बाजूला ठेवून आधी दुसरा घेऊ. हे आडदांड, अर्धेकच्चे संगीत परत परत का येते? १९७२ मध्ये लेनी के नावाच्या तरुण संगीत-लेखकाने विस्मृतीत गेलेल्या मेळ्यांची २७ गाणी गोळा करून 'नगेट्स' नावाचा दुहेरी संच काढला. त्या संचातून पुढच्या पंक संगीताने पुष्कळ उचलले. ती लाट ओसरली, आणि २००१ ते २००३ च्या सुमारास पुन्हा तेच झाले : न्यूयॉर्कचे 'स्ट्रोक्स', स्वीडनमधल्या फागेर्श्ता या छोट्या कारखानदारी गावचे 'हाइव्ह्ज' आणि डेट्रॉईटचे 'व्हाइट स्ट्राइप्स'. डेट्रॉईट हे मोटारींचे शहर, कारखाने बंद पडत पडत भकास झालेले. व्हाइट स्ट्राइप्समध्ये माणसे दोनच, एक गिटार वाजवणारा आणि एक ड्रम वाजवणारी. त्यातला जॅक व्हाइट आधी सोफ्यांच्या गाद्या-कापड बसवण्याचे काम करी. संगणकावर हवी ती करामत करता येत असताना त्यांनी २००३ ची आपली तबकडी लंडनमधल्या एका जुनाट स्टुडिओत, साठच्या दशकातल्या यंत्रांवर ध्वनिमुद्रित केली. त्यातल्या 'सेव्हन नेशन आर्मी'ची सुरुवातीची सात स्वरांची धून २००६ च्या विश्वचषकात इटलीच्या प्रेक्षकांनी उचलली आणि आज फुटबॉलच्या मैदानांवर हजारो कंठांतून ती ऐकू येते. ती गायला शब्द लागत नाहीत, ना गाता येण्याची गरज पडते.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे देतात, की जुने दिवस सगळ्यांनाच गोड वाटतात. मला ते पटत नाही. २००१ मध्ये या संगीतावर उड्या मारणारी पोरे १९६६ मध्ये जन्मलेलीही नव्हती. त्यांना कसली आठवण येणार? कारण मला निराळे दिसते. उत्तम संगीत ऐकले की आपण हात जोडतो. भीमसेन जोशी ऐकून घरी आलेला माणूस 'मीही उद्यापासून गातो' असे म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण काही संगीत असे असते, की ते ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो, 'अरे, हे तर मलाही जमेल.' ज्या ज्या काळात संगीत फार सफाईदार आणि फार महाग होते, वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये मोठा खंदक पडतो, त्या त्या काळात कुणीतरी पोर या दुसऱ्या प्रकारच्या गाण्याकडे वळते. त्याला ते पूर्वी होऊन गेले आहे हे ठाऊकही नसते. त्याला फक्त वाजवायचे असते, आणि आत यायला हे एवढेच दार उघडे असते.

वऱ्हाडात ते दार कधीच बंद नव्हते. आपण त्याला गॅरेज म्हणालो नाही, कारण आपल्याकडे गाडी होती बैलांची आणि खोली होती गोठ्याची. गाणारे जमायचे ते मारुतीच्या पारावर, नाहीतर गुरुदेव सेवा मंडळाच्या खोलीत.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा शास्त्रोक्त कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग जाणत असोत वा नसोत, त्यांनी तो पाळला नाही. ते समोरच्या माणसाला थेट प्रश्न विचारत, त्याच्याकडून उत्तर वदवून घेत आणि त्याच उत्तरात त्याला पकडत. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे मृत्यूच्या जेमतेम दीड महिना आधी, मुंबईला बांद्र्यात त्यांनी केलेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी जरूर ऐकावे. ऐंशीच्या घरातला तो घोगरा आवाज, मागून लोकांचा गलका, वऱ्हाडी बोलीचा तो तडाखा. तंत्राच्या कसोटीवर ते ध्वनिमुद्रण निकृष्टच ठरेल. पण ते ऐकताना पाठ ताठ होते.

आणि तुकडोजी महाराज. १९०९ मध्ये यावलीला जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा कुठल्या संगीत विद्यालयाची परीक्षा देऊन आला नव्हता. हातात एक खंजेरी, एवढेच त्याचे साहित्य. मराठीत आणि हिंदीत स्वतः रचायचे, सोप्या चालीत बसवायचे आणि माणसे समोर बसली की सुरू करायचे. ही भजने ऐकून माणसे पेटून उठत, हे इंग्रज सरकारने ओळखले होते. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले. अमेरिकन तपास यंत्रणेला 'लुई लुई'चे शब्द अखेरपर्यंत कळले नाहीत. इथल्या सरकारला खंजेरीवरचे शब्द चांगले कळले, हा दोन्हींतला फरक. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभे राहिले आणि सेवा मंडळाच्या शाखांबरोबर खंजेरी गावोगाव गेली.

भजनाला रॉक संगीताच्या रांगेत बसवणे काहींना रुचणार नाही. त्यांच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा हेतू नाही. एकीकडे दारू, नाच आणि प्रेमप्रकरणे, दुसरीकडे दारूबंदी आणि ग्रामसफाई. आशयाच्या बाबतीत दोन्हींची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत, हे मान्यच आहे. मी बोलतो आहे ते वाजवण्याबद्दल. खंजेरी म्हणजे लाकडाचे एक कडे, एका बाजूला ताणून बसवलेले पान, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. पाऊण हात लांबीचेही वाद्य नाही, किंमत खिशाला परवडणारी, दुरुस्ती घरच्या घरी. पहिला ठेका एका संध्याकाळी येतो. दुसरा यायला आठवडा लागतो. आणि पुढची सगळी हयात तिच्यात घालवली तरी शिकण्यासारखे काही उरतेच. प्रवेश सोपा आणि वाट लांब, हे ज्या वाद्याला साधले ते वाद्य मरत नाही. तीन कॉर्डच्या गिटारचेही हेच आहे.

अकोटचे सत्यपाल महाराज यांनी ही गोष्ट ओळखली. एकाऐवजी सात खंजेऱ्या एकट्याने वाजवायच्या आणि वाजवता वाजवता अस्सल वऱ्हाडीत हुंडा, बुवाबाजी, व्यसने यांच्यावर कोरडे ओढायचे, हे त्यांनी इतक्या वर्षांत घराघरांत नेले. 'सप्तखंजेरीवादक' ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. ते पाहणाऱ्या पोरांना तोच विचार सुचला, 'हे मलाही जमेल.' आज त्यांच्या शिष्यपरंपरेतली तरुण मंडळी नावाच्या शेवटी 'पाल' लावून गावोगावी फिरते आहे. मोबाइलवर त्यांचे कार्यक्रम पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेला वऱ्हाडी माणूस जेवताना लावून बसतो. खंजेरी भजनाच्या स्पर्धा होतात, त्यांत पुरुषांबरोबर महिलांचे आणि बालकांचे गट असतात. पुनरुज्जीवन म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आणि एकट्या खंजेरीचेच कशाला? पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे असताना म्हटल्या जाणाऱ्या झडत्या घ्या. कापसाचा भाव, सावकार, सरकार, गावचा पुढारी, कुणाला म्हणून सोडत नाहीत. चाल कसली, ती एक आरोळीच. डफड्याच्या तालावर एकजण टाकतो आणि गाव ती उचलते. चौदा एप्रिलच्या आसपास अकोल्याच्या वस्त्यांमधून फिरा : ढोलकी, बेंजो आणि एक कीबोर्ड घेऊन पोरे भीमगीते बसवताना दिसतील. त्यांत ताल चुकतो, कर्ण्यातून शिट्टी निघते, पण गाणाऱ्याच्या गळ्याची शीर फुगलेली असते. ही माणसे कुणाची परवानगी घेऊन कलावंत झालेली नाहीत.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. 'म्हणजे तुमच्या मते गोंगाटच चांगला? मग डीजेने काय घोडे मारले आहे? आमच्या घराच्या काचा थरथरतात, म्हाताऱ्या माणसांचा जीव घाबरा होतो.' पहिली गोष्ट, कच्चे ते सगळे चांगले असे मी म्हणत नाही. साठच्या दशकातल्या गॅरेजांतली बहुतेक गाणी आज ऐकवत नाहीत आणि भजन स्पर्धेत रात्री अकराला गाणारे प्रत्येक मंडळ ऐकण्यासारखे असतेच असे नाही. दुसरी गोष्ट, डीजेत आपल्या गावचे कुणी वाजवत नसते. भाड्याचा ट्रक, भाड्याच्या भिंतीएवढ्या पेट्या, दुसऱ्याने कुठेतरी तयार केलेले गाणे आणि आपल्या पोरांच्या वाट्याला फक्त त्यासमोर उडी मारणे. कालपर्यंत जो ताशा वाजवत होता तो पैसे मोजून बघ्या झाला, ही माझी डीजेविषयीची खरी तक्रार आहे. आवाजाची तक्रार आहेच. त्यासाठी २००० सालचे नियम आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. ते पाळले जात नाहीत, हा पोलिसांनी आणि पुढाऱ्यांनी उत्तर देण्याचा प्रश्न आहे.

नागपूरकडून आलेल्या धुमालबद्दल मात्र माझे मत इतके कडवट नाही. शिष्ट लोक धुमालला नाके मुरडतात. आवाजाला आवर त्यालाही घातला पाहिजे, यात शंका नाही. पण गाडीवर उभा राहून कीबोर्डवर सिनेमाची धून आपल्या पद्धतीने मोडणारा आणि पॅडवर हात चालवणारा पोरगा तिथे निदान वाजवतो तरी. त्याची बोटे ऐकून ऐकून तयार झाली आहेत. आपल्या भागातले खरे गॅरेज शोधायचे म्हटले तर ते कदाचित या गाडीवरच सापडेल.

आता घरातले बोलू, कारण हा प्रश्न शेवटी घरात येऊन आदळतो. अमरावती-अकोल्यातल्या बऱ्याच घरांत आज एक गिटार आहे. वाढदिवसाला घेतलेली, क्लास लावलेला, दोन महिन्यांनी क्लास सुटलेला, गिटार कपाटावर. नाहीतर उलटे झालेले असते. पोरगा क्लासही सोडतो, अभ्यासही सोडतो आणि दार लावून तेच चार सूर दिवसभर घासतो. स्वयंपाकघरातून आजीचा आवाज येतो, "काऊन रे पोट्ट्या, डोकं उठवलं न बाप्पा!" विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत पाश्चात्त्य समूहगान हा प्रकार असतो, तेवढ्यापुरते एक इंग्रजी गाणे घोटून बसवले जाते, परीक्षक गुण देतात, चषक मिळतो, आणि ती सात-आठ पोरे पुन्हा कधी एकत्र वाजवत नाहीत. खंजेरी स्पर्धांनाही हीच भीती आहे. ठरलेली मिनिटे, ठरलेला गणवेश, ठरलेल्या गुणांची कागदे, आणि हळूहळू सगळी मंडळे एकसारखी वाजू लागतात. स्पर्धा हवी, ती वाजवायचे निमित्त देते. पण स्पर्धेबाहेरचे अकरा महिनेही हवेत.

उलट टोकाचीही एक गोष्ट उत्साही पालकांसाठी सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या फ्रीमाँट या खेड्यात ऑस्टिन विगिन नावाचा एक गृहस्थ होता. त्याच्या आईने म्हणे त्याचा हात पाहून भविष्य सांगितले होते, की तुझ्या मुलींचा मेळा प्रसिद्ध होईल. झाले. या बापाने मुलींची शाळा सोडवली, वाद्ये आणून दिली आणि रोज सराव लावला. १९६९ मध्ये 'शॅग्ज' या नावाने त्यांची तबकडी निघाली. गिटार एकीकडे, ड्रम दुसरीकडे, सूर तिसरीकडेच. गावाने टवाळी केली. १९७५ मध्ये बाप वारला आणि त्याबरोबर मुलींनी वाद्ये खाली ठेवली. पुढे जगातल्या नामांकित वादकांनी त्या तबकडीला डोक्यावर घेतले, भविष्य एका अर्थी खरेही ठरले. पण ती तबकडी ऐकताना मला त्या मुलींची दया येते. त्या गॅरेजमध्ये स्वतःहून गेल्या नव्हत्या.

आणि स्वतःहून जाऊ पाहणाऱ्या किती मुलींना आपण जाऊ देतो, हाही प्रश्न आहे. गॅरेज रॉकचा इतिहास बहुतांशी पोरांचाच आहे. मुलींचे मेळे होते, पण मोजके. या बाबतीत वऱ्हाडातल्या महिला खंजेरी मंडळांनी अमेरिकेला मागे टाकले आहे असे म्हणायला हरकत नाही. दिवसभर निंदणीला जाऊन संध्याकाळी डोक्यावरचा पदर सावरत जोरकस ठेका धरणारी पन्नाशीची बाई ज्याने पाहिली आहे, त्याला हे पटेल. तिच्या नातीने उद्या ड्रम मागितले तर तिला नाही म्हणण्याचा अधिकार घरात निदान आजीला तरी उरलेला नाही.

पैशांचा प्रश्न तितकासा राहिलेला नाही. जुनी गिटार मिळते, छोटा अँप्लिफायर मिळतो, मोबाइलमध्ये गाणे भरता येते. नाही ती जागा. शहरात फ्लॅट झाले, भिंतीला भिंत लागली, शेजाऱ्याचे पोर बारावीला. पार्किंगमध्ये वाजवावे तर सोसायटीचे सचिव खाली येतात. आणि याच अमरावती-अकोल्यात, आसपासच्या गावांत, समाजमंदिरे आहेत, सांस्कृतिक भवने आहेत, खासदार-आमदारांच्या निधीतून बांधलेली सभागृहे आहेत. वर्षातून पाच-सहा लग्ने आणि एक निवडणूक सोडली तर त्यांना कुलूप असते. त्यातली एक खोली आठवड्यातून तीन संध्याकाळी, सहा ते नऊ, वाजवणाऱ्यांना द्यायला काय हरकत आहे? एक दिवस खंजेरीवाल्यांचा, एक भीमगीतवाल्यांचा, एक गिटारवाल्या पोरांचा. विजेचे बिल त्यांनी वर्गणी काढून भरावे, झाडलोटही त्यांनीच करावी. पहिले वर्षभर कुणी परीक्षक म्हणून यायचे नाही, उद्घाटनाला पुढारी नको आणि नऊला आवाज बंद.

तिन्ही दिवसांची माणसे आपापली वाद्ये उचलताना दारात एकमेकांना भेटतील, थोडी रेंगाळतील. खंजेरीचा ठेका ऐकून ड्रमवाला पोरगा थबकेल, किंवा थबकणार नाही. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या महोत्सवात दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी हजारो माणसे मौन पाळून उभी राहतात. त्या गर्दीत कानातला हेडफोन काढून खिशात ठेवलेली बरीच पोरे असतात. त्यांच्या मोबाइलमध्ये काय काय गाणी आहेत, हे आपण त्यांना एकदा विचारायला हवे. आणि समाजमंदिराची चावी सध्या कोणाकडे आहे, हे सरपंचांना.